रणगाड्याच्या आत

रणगाडा बाहेरून पाहिला की तो शत्रूला जसा दिसला असेल तसा आपल्याला दिसतो. रोखलेली तोफ, उतरतं चिलखत, पट्ट्यांत अडकलेला चिखल. आत बसलेल्या माणसांना यातलं जवळजवळ काहीच दिसत नसे. त्यांच्यासमोर पांढऱ्या रंगाच्या भिंती असत, पितळी काडतुसांच्या रांगा असत, पेरिस्कोपची अरुंद काच आणि शेजाऱ्याचा गुडघा असे. युद्धवाहनांची मॉडेल्स करणाऱ्या आपण बहुतेकांनी आजवर पहिलंच दृश्य रंगवलं आहे. हे पुस्तक दुसऱ्या दृश्यासाठी लिहिलं आहे.

रणगाड्याच्या पोटातली जागा नीट घडवणं आणि रंगवणं हा छंदाच्या शेवटच्या टप्प्यावरचा, हौसेचा जादा उद्योग समजला जातो. माझं मत वेगळं आहे. आत कोण, कुठं, कशाला हात लावून बसत होतं हे कळल्यावरच बाहेरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक झाकण, प्रत्येक डाग आपल्याला समजू लागतो. म्हणून सुरुवात आतल्या माणसांपासून करावी, असं मला मनापासून वाटतं. पुढची सगळी प्रकरणं याच एका समजुतीवर उभी आहेत.

आतला भाग इतकी वर्षं दुर्लक्षित का राहिला, याचं कारण या छंदाच्या जन्मातच आहे. जपानच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं प्लास्टिक किट काढलं. ते मोटरवर चालणारं होतं. मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढा आकार ठरवला गेला आणि मोजून पाहिलं तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या भागाएवढा भरला. आज जगभर रूढ असलेलं १/३५ हे स्केल असं बॅटऱ्यांच्या मापातून आलं. म्हणजे मॉडेलच्या पोटात जिथं माणसं बसायला हवी होती, तिथं पहिल्यापासून बॅटऱ्या बसल्या. पुढं मोटरी गेल्या, मॉडेल्स शोकेसमध्ये ठेवायची झाली, पण पोट रिकामंच राहिलं. वरचं दार, म्हणजे हॅच, उघडून त्यात कमांडरची अर्धी आकृती उभी करायची आणि तिच्या पाठीमागचा अंधार आपला समजायचा, अशी रीत पडली.

नंतर रेझिनचे सुटे भाग आले, पितळी पत्र्यावर कोरलेले बारीक भाग आले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्या कारागिरांनी रंगकामाला नवी दिशा दिली, अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी डायोरामातून गोष्ट सांगायला शिकवलं. गेल्या दहाएक वर्षांत तर युक्रेनची मिनीआर्ट, तसंच राय फील्ड मॉडेल, ताकोम अशा कंपन्यांनी संपूर्ण आतल्या भागासह किट्स बाजारात आणली. आता इंजिनापासून ड्रायव्हरच्या पेडलपर्यंत सगळं डब्यातच मिळतं. भाग मिळण्याची अडचण बरीच दूर झाली, पण ते कसे वापरले जात, कसे झिजत, कुठल्या रंगात असत, ही समज डब्यात येत नाही. मराठीत तर या विषयावर वाचायला फारसं काही हाताशी लागत नाही. ती उणीव थोडी तरी भरून काढावी, हा या लेखनाचा हेतू.

उदाहरण म्हणून मी एकच रणगाडा निवडला आहे आणि सगळ्या प्रकरणांत तोच पुढं नेला आहे. तो म्हणजे शर्मन, त्यातही एम ४ ए ४, ज्याला ब्रिटिश शर्मन ५ म्हणत. निवडीमागं कारण आहे. फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस इरावती ओलांडून सतरावी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशातल्या मेक्तिलाकडं निघाली, तेव्हा तिच्याबरोबर २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडचे शर्मन होते. त्या ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या पलटणी होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेक्तिला हाती आलं आणि जपानी सैन्याचा कणा मोडला. वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स पुन्हा शर्मन घेऊनच पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभी राहिली. दख्खनचं नाव मिरवणाऱ्या या पलटणीचा रणगाडा आपल्या टेबलावर घडावा आणि तो आतूनही खरा असावा, ही माझी इच्छा.

आता आत उतरू. शर्मनमध्ये पाच माणसं असत. पुढं डावीकडं ड्रायव्हर, उजवीकडं त्याचा सहायक, जो पुढची मशीनगनही चालवी. दोघांच्या मध्ये गिअरबॉक्सचं धूड. इंजिन मागं आणि गिअरबॉक्स पुढं असल्यानं दोहोंना जोडणारा दांडा सगळ्या रणगाड्याच्या पोटातून, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) खालून जाई. शर्मन एवढा उंच का दिसतो, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या दांड्यात आहे. एम ४ ए ४ चं इंजिन तर क्रायस्लरच्या पाच मोटारींची इंजिनं एकत्र जोडून केलेलं होतं, एकूण तीस सिलिंडर. ते मावावं म्हणून मागचा भाग लांबवावा लागला आणि खालच्या चाकांच्या जोड्यांमधलं अंतर वाढलं. बाजूनं पाहताक्षणी ए ४ ओळखू येतो तो त्या अंतरावरून. आतल्या एका निर्णयानं बाहेरचा आकार कसा ठरतो, याचा हा पहिला धडा.

टरेटमध्ये तिघं. उजवीकडं पुढं गनर, त्याच्या पाठीशी कमांडर, तोफेच्या डाव्या बाजूला लोडर. ज्या कड्यावर टरेट फिरे त्याचा आतला व्यास ६९ इंच, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. एवढ्या वर्तुळात तीन माणसं, ७५ मिलिमीटर तोफेची पाठ, ती मागं झटकली जाताना कोणाला लागू नये म्हणून बसवलेली चौकट, वायरलेस, मशीनगन आणि हाताशी ठेवलेले गोळे. १/३५ मध्ये हे वर्तुळ ५ सेंटिमीटरचं होतं. सरासरी उंचीचा माणूसही त्या मापात ५ सेंटिमीटरचाच. मॉडेलकारानं हा आकडा मनात पक्का ठेवावा. माणसाच्या उंचीएवढ्या व्यासाच्या वर्तुळात तिघांनी दिवस काढायचा, आणि त्यातल्या एकानं प्रत्येक गोळा उचलून तोफेत सारायचा.

तोफेचे गोळे कुठं ठेवत, हा प्रश्न तर जीवनमरणाचा होता. सुरुवातीच्या शर्मनमध्ये ते पट्ट्यांवरच्या बाजूच्या कप्प्यांत, चिलखताला लागूनच असत. काही गोळे टरेटच्या फिरत्या पिंजऱ्याभोवती उभे लावलेले असत. चिलखत भेदलं की आतला दारूगोळा पेटे. पुढं त्या कप्प्यांच्या नेमक्या बाहेर चिलखताच्या एक इंच जाडीच्या जादा पट्ट्या जोडल्या जाऊ लागल्या, उजवीकडं दोन आणि डावीकडं एक. अनेक मॉडेलकार या तीन चौकोनी पट्ट्या सूचनापत्रात दाखवल्या म्हणून चिकटवतात. आतला भाग केलेल्या माणसाला मात्र कळतं की प्रत्येक पट्टीमागं गोळ्यांचा कप्पा आहे आणि ती पट्टी म्हणजे कोणाच्या तरी जिवाची काळजी आहे. नंतरच्या शर्मनमध्ये गोळे तळाशी हलवले गेले आणि कप्प्यांभोवती पाणी व ग्लिसरीनचं मिश्रण भरलं गेलं. अमेरिकन सैन्याच्या १९४५ च्या पाहणीनुसार जुन्या रचनेत चिलखत भेदलेल्या शर्मनपैकी ६० ते ८० टक्के पेटत, नव्या रचनेत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आलं. आपल्या ए ४ मध्ये जुनीच रचना होती. तेव्हा तळाशी पाण्याचे कप्पे दाखवणं चूक, आणि बाजूचे कप्पे रिकामे ठेवणंही चूक.

आता रंग. आत पांढरा का, हे समजायला रंगाच्या डब्यापेक्षा दिव्यांचा विचार उपयोगी पडतो. बंद रणगाड्यात मोजकेच छोटे दिवे असत. त्यांचा उजेड परतून सगळीकडं पोचावा म्हणून अमेरिकन रणगाड्यांत माणसांच्या जागा पांढऱ्या रंगवत. ब्रिटिश कारखान्यांनी बराच काळ चंदेरी रंग वापरला, नंतर तेही पांढऱ्याकडं वळले. जर्मन रणगाड्यांत वरच्या भागाला हस्तिदंती आणि खालच्या भागाला तांबूस प्रायमर ठेवण्याची पद्धत होती. हॅचच्या झाकणाची आतली बाजू मात्र बाहेरच्याच रंगात असे, कारण झाकण उघडल्यावर ती आकाशाला दिसे आणि पांढरा ठिपका विमानातून लगेच हेरला जाई. वरून उघड्या गाड्यांत, उदाहरणार्थ हाफ-ट्रॅकमध्ये, याच कारणानं आतही बाहेरचाच रंग सापडतो. एकदा कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. जे उघडं पडतं ते लपवायचं, जे बंद राहतं ते उजळायचं, एवढं सूत्र पुरतं.

पांढरा रंग मॉडेलवर लावणं हे बाहेरच्या ऑलिव्ह हिरव्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे. बाटलीतला शुद्ध पांढरा १/३५ मध्ये खेळण्यासारखा चकचकीत दिसतो आणि त्यावर सावली पकडता येत नाही. म्हणून त्यात मातकट पिवळ्याचे काही थेंब मिसळून तो मोडावा. आधी तपकिरी किंवा राखाडी प्रायमर द्यावा आणि एअरब्रशनं पातळ थर देत पृष्ठभागाच्या मध्याकडून कडांकडं जावं, म्हणजे कोपरे आपोआप थोडे गडद राहतात. पांढरा जाड लावला की रिव्हेटांची डोकी बुजतात, हे लक्षात ठेवून घाई टाळावी. सुकल्यावर चकचकीत वार्निशचा एक हात द्यावा, मग तैलरंगातला गडद तपकिरी टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नेमका सांध्यांत आणि बोल्टांभोवती सोडावा. हा पातळ रंग, म्हणजे वॉश, संपूर्ण पृष्ठभागावर पसरला की पांढऱ्याचा कळकट पिवळा होतो आणि तो पुन्हा उजळत नाही. शेवटी मॅट वार्निश. ओतीव टरेटची आतली बाजू गुळगुळीत नसते. पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशनं ठोकून तिथं खरबरीतपणा आणता येतो, पण हे रंगाच्या आधी करायचं.

आत आणखी एक गोष्ट आपली वाट पाहत असते. किट बनवताना साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा कारखाने मुद्दाम आतल्या बाजूला ठेवतात, कारण तिथं कोणी पाहणार नाही असं धरलेलं असतं. आपण तिथंच पाहणार आहोत. तेव्हा पहिलं काम या खुणा भरून, घासून सपाट करण्याचं. दुसरं काम जाडीचं. १/३५ मध्ये एक मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे साडेतीन सेंटिमीटर पोलाद. चिलखताला ते शोभतं, पण पिंजऱ्याच्या पत्र्याला किंवा कप्प्यांच्या दारांना अजिबात नाही. तिथं शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कामाला येतो, तो साधारण एक दशांश मिलिमीटर असतो.

आपल्याकडच्या वाचकाला परदेशी सुटे भाग मागवताना किंमत आणि सीमाशुल्क दोन्ही सोसावं लागतं. म्हणून या पुस्तकात शक्य तिथं इथल्या बाजारातलं साहित्य सुचवलं आहे. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी तांब्याची तार हवी त्या जाडीत असते आणि विजेच्या वायरिंगसाठी उत्तम. जाड पाइपांसाठी सोल्डरची तार, ती वाकवली तशी राहते. बारीक नळ्यांसाठी वापरायचीच झाली तर नवी, न वापरलेली इंजेक्शनची सुई, टोक आधी घासून बोथट केलेली. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतली फॉइल म्हणजे पट्टे आणि कातडी बंद. किटचा उरलेला स्प्रू (भाग धरून ठेवणारी प्लास्टिकची चौकट) मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढला की केसाइतका बारीक दांडा मिळतो. रेझिन घासताना मास्क लावावा आणि ते ओलं करूनच घासावं, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. थिनरचं काम उघड्या खिडकीजवळच.

सगळ्यांत मोठं प्रकरण झिजेचं आहे आणि ते तसं असायलाच हवं. झीज म्हणजे माणसाच्या वावराची नोंद. स्पंजनं सगळीकडं सारखे ठिपके उमटवले की मॉडेल जुनं दिसतं, पण वापरलेलं दिसत नाही. मी प्रत्येक खरचट्याला एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे कोणी केलं? ड्रायव्हरच्या पायाखाली बाहेरचा चिखल येतो आणि पेडलच्या कडा चमकतात. त्याच्या दोन लिव्हरच्या मुठी काळ्या पडतात. गनरच्या बाजूला हातानं टरेट फिरवायच्या दांड्याचा रंग उडतो, पायाखालच्या गोळीबाराच्या बटणाजवळची जमीन घासते. लोडरच्या बाजूला उडालेली पितळी काडतुसं आदळून पिंजऱ्याच्या पत्र्याला पोचे येतात आणि पांढऱ्यावर पिवळट घासण्या उमटतात. छताला मात्र फारसं कोणी शिवत नाही, तिथं धुराची हलकी काळपट छटा पुरे.

एम ४ ए ४ च्या टरेटमध्ये तर झिजेची दिशाच एका भागानं ठरवली. या टरेटला वर एकच हॅच होतं, कमांडरच्या डोक्यावर. म्हणजे आत उतरणारे आणि बाहेर पडणारे तिघंही तिथूनच. गनर आपल्या जागी जाताना कमांडरच्या आसनावरून खाली सरके. लोडरला तोफेच्या पाठीमागून किंवा खालून वळसा घालून पलीकडं जावं लागे आणि रणगाडा पेटला तर बाहेर पडायची त्याची पाळी शेवटची. पुढच्या शर्मनना लोडरसाठी वेगळं हॅच दिलं गेलं ते याच धोक्यामुळं. तेव्हा आपल्या ए ४ मध्ये हॅचच्या कड्याभोवतीचा रंग पार गेलेला हवा, कमांडरचं आसन चेपलेलं हवं, गनरच्या आसनाच्या पाठीवर बुटांच्या खुणा हव्यात, आणि लोडरच्या बाजूचं छत तुलनेनं स्वच्छ हवं. नंतरचा दोन हॅचचा टरेट करताना ही सगळी मांडणी बदलेल. रंगकामाची पद्धत तीच राहील, पण वाचन बदलेल.

वायरलेसचं उदाहरणही असंच. अमेरिकन सैन्याच्या शर्मनमध्ये टरेटच्या मागच्या फुगवट्यात अमेरिकन संच असे. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या पलटणींच्या शर्मनमध्ये त्या जागी साधारणपणे नंबर १९ संच बसवलेला असे. या संचांच्या कितीतरी दर्शनी पाट्यांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरंही छापलेली आहेत, कारण ते सोव्हिएत सैन्याला मदत म्हणून पाठवण्यासाठीही बनत होते. अमेरिकेत बांधलेला रणगाडा, ब्रिटिश सैन्याचा संच, त्यावर रशियन अक्षरं आणि तो हाताळणारा भारतीय सवार. महायुद्धाचा पसारा समजावून सांगायला याहून नेमकी जागा मला माहीत नाही. १/३५ मध्ये ही पाटी नखाएवढीही नसते. ती डेकलनं करावी आणि डायलांवर चकचकीत वार्निशचा एकेक थेंब सोडावा, काच तयार होते.

आता पुराव्यांबद्दल. अमेरिकन सैन्यानं प्रत्येक रणगाड्यासाठी छापलेल्या तांत्रिक पुस्तिका हा सर्वांत भरवशाचा आधार, कारण त्यात प्रत्येक भागाची जागा रेखाचित्रासह येते. युद्धकाळातली आतली छायाचित्रं बहुधा कृष्णधवल असतात, पण त्यांतून झीज आणि सामानाची मांडणी उत्तम कळते. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमसारख्या संग्रहालयांतले रणगाडे मापं आणि आकार शिकवतात. रंगाच्या बाबतीत मात्र एकट्या संग्रहालयावर विसंबू नये, कारण जतन करताना आतला भाग बहुतेकदा नव्यानं रंगवलेला असतो. पुस्तिका, छायाचित्र आणि प्रत्यक्ष वस्तू या तिन्हींत मेळ बसला की पुढं जावं.

महाराष्ट्रातल्या वाचकाचं एक मोठं भाग्य आहे. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, इथं भारतीय चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून उभं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती मोटारीपासून शर्मन, सेंच्युरियन, एएमएक्स-१३, पीटी-७६, विजयंता आणि युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंतची परंपरा तिथं समोर मांडलेली आहे. पुस्तकातली मापं कागदावरची असतात, इथं ती अंगावर येतात. शर्मनच्या शेजारी उभं राहून हॅचचा घेर आपल्या खांद्यांशी ताडून पाहावा. जाड कपडे आणि हेडफोन घालून तिथून घाईनं बाहेर पडायचं म्हणजे काय, हे चित्रातून कळत नाही.

याच नगरच्या केंद्रात ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन जपून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच रणगाड्यात होते. रणगाड्याला आग लागली तरी तोफ चालते आहे म्हणून ते लढत राहिले आणि तिथंच त्यांना वीरमरण आलं. वय एकवीस. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ज्या छंदात आपण तासन् तास रमतो त्या छंदाचा विषय अशा जागा आहेत. म्हणून आतल्या भागात रक्ताचे डाग, जळकी प्रेतं अशा गोष्टी दिखाव्यासाठी करू नयेत, असं मी ठामपणे लिहिलं आहे. तिथं माणसं होती हे सांगायला झिजलेली मूठ, आसनामागं खोचलेली पाण्याची बाटली, दोरीला अडकवलेलं हेल्मेट पुरेसं असतं. ब्रिटिश सेंच्युरियनमध्ये तर चहाचं पाणी उकळायला विजेवर चालणारं भांडं बसवलेलं असे. ते भांडं मॉडेलमध्ये आलं की रणगाडा कोणाचा तरी वाटू लागतो.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. टरेट बसवला, हॅच लावलं, की आत केलेलं सगळं दिसेनासं होतं; मग एवढा खटाटोप कशाला? याचं एक उत्तर व्यवहाराचं आहे. टरेट न चिकटवता उचलता येईल असा ठेवता येतो, हॅच उघडी ठेवता येतात, किंवा एका बाजूचं चिलखत कापून छेद दाखवता येतो. तिन्ही पद्धतींना स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत. दुसरं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आत काम केलेल्या माणसाचं बाहेरचं काम सुधारतं. कुठल्या हॅचभोवती रंग उडायचा, कमांडर किती वर दिसायचा, इंधन भरताना ओघळ कुठून कुठं जायचे, बाहेर बांधलेलं सामान कोणाच्या हाताच्या टप्प्यात हवं, हे सगळं त्याला आतून कळलेलं असतं. शर्मनच्या छतावरचा पेरिस्कोप गनरच्या डोळ्यासमोर येतो की नाही, हे त्यानं आधीच पाहिलेलं असतं. असं मॉडेल बंद केलं तरी आतल्या कामाचा परिणाम बाहेर दिसत राहतो.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमानं आहे. आधी पुरावे गोळा करणं आणि नेमकी आवृत्ती ठरवणं. मग भाग न चिकटवता जुळवून पाहणं, कारण आतल्या भागामुळं बाहेरचे सांधे एक केसभर जरी हलले तरी वरचं चिलखत बसत नाही. मग तळ, बाजूचे कप्पे, गिअरबॉक्स, पिंजरा, तोफ आणि टरेटचं छत असे सुटे गट वेगळे रंगवणं, त्यांची झीज करणं आणि शेवटी एकत्र आणणं. बाहेरचा रंग मारताना हॅचच्या तोंडांत ओला कागद ठासून आतलं काम कसं वाचवायचं, तेही सांगितलं आहे. अगदी नव्या वाचकानं जीप, हाफ-ट्रॅक अशा उघड्या गाडीपासून सुरुवात करावी. तिथं आतला भाग आपसूक करावाच लागतो आणि हात बसतो. अनुभवी वाचकानं मिनीआर्टच्या एम ३ ली सारख्या, आतल्या भागासह येणाऱ्या किटवर या पद्धती ताडून पाहाव्यात. ली रणगाडाही ब्रह्मदेशच्या मोहिमेत लढला होता.

ज्यांनी आपली मॉडेल्स उघडून दाखवली, जुन्या पुस्तिका वाचायला दिल्या आणि मसुद्यातली मापं तपासली, त्या सर्व छंदबंधूंचा मी ऋणी आहे. मुलांच्या हाती हे पुस्तक गेलं तर मला विशेष आनंद होईल. यंत्र उघडून पाहायची, त्यामागचं कारण शोधायची आणि त्यात बसलेल्या माणसाचा विचार करायची सवय या छंदातून लागते, आणि ती इतर कुठल्याही कामात उपयोगी पडते.

पुढचं पान उलटण्याआधी वाचकानं एक गोष्ट करावी. कोऱ्या कागदावर ५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढावं. मध्यातून तोफ आखावी, उजवीकडं पुढंमागं दोन आसनं आणि डावीकडं एक. मग लोडर गोळा कुठून उचलेल, कुठं वळेल आणि आग लागली तर कुठल्या वाटेनं बाहेर पडेल, ते पेन्सिलीनं दाखवावं. ही रेघ नीट आखता आली की किटचा डबा उघडायला हरकत नाही.